मोठी चादर म्हणजे मोठी चादर

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. (आईने लिहायला सांगितलं म्हणून.) फोनवर मला बोलता येत नाही, तेव्हा पत्र.

तू सुट्टीला आलीस आणि काकांच्या लॉन्ड्रीतली कॉम्प्युटरची फाईल बदलून गेलीस. आधी तिच्यात नुसते कोड होते. ७-ख म्हणजे हॉटेलची मोठी चादर, ९-ग म्हणजे दवाखान्याची. ते फक्त मला पाठ. दिवसभर गप्पू इकडे ये, गप्पू हे काय. आता सरळ शब्दांत कुणाचं, काय, किती, एवढंच. इस्त्रीवाल्या मावशीसुद्धा फोनवरून एका बोटाने भरतात. काका सगळ्यांसमोर म्हणाले, हुशार ती हुशारच. आई तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलीये. मला कुणी हाक मारत नाही. शाळा सोडल्यापासून माझ्याकडे हे एवढंच होतं. तुझ्याकडे ढीगभर आहे. कोड परत टाक.

लोभ आहे, पण सध्या कमी.
गप्पू

९ मार्च

चि. गप्पूस,
अ. उ. आ.

नाही टाकणार. तू तापाने पडली होतीस तेव्हा दवाखान्याच्या चादरी हॉटेलात गेल्या. बोलणी मावशींनी खाल्ली. त्यांनीच मला फोन केला. गप्पूला कळू देऊ नको, पोरीला वाईट वाटेल, म्हणाल्या. तुला हाका ऐकायला मिळाव्यात म्हणून त्यांनी अडून राहायचं का गं? आणि जळायचंच तर मी जळावं. मी एवढ्या दिवसांनी आले, तर सगळे तुझ्याच मागे. मला कुणी साधा चहा विचारला नाही.

रागाने का होईना, लिहीत जा.
तुझी ताई

१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

जळणं अजून चालू आहे, तरी लिहिते.

तुझं पत्र वाचून इतका राग आला की फाईलमध्ये मोठ्या चादरीच्या जागी ७-ख टाकलं आणि बसले वाट बघत. मावशी फोन घेऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हाक मारतील. त्यांनी चष्मा पुसला, परत बघितलं आणि शेजारच्या बाईला हळूच म्हणाल्या, "मला जमायला लागलं होतं गं."

लगेच नीट केलं. चूक मात्र तुझ्या नावावर खपवली, तेवढं सोस.

दुपारी त्यांच्या टेबलापाशी गेले. काही काम होतं का, त्यांनी विचारलं.

म्हटलं, "नाही. अशीच आले."

त्यांनी चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

लोभ राहू दे.
तुझी गप्पू