‘उरलेला वेळ’ हातांनी सांगताना

३ मार्च, सोमवार

शी! काय भिकार गाणं आहे. आणि ते आता माझ्या गळ्यात!

संयोजकबाईंचा सकाळीच फोन. पंधरा तारखेला त्या गायिकेचा मोठा कार्यक्रम, आणि पुढच्या दोन रांगा ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी. मी रंगमंचाच्या कडेला उभं राहून सगळी गाणी खुणांच्या भाषेत सांगायची. हो म्हणून बसले. मग विचारलं, शेवटचं गाणं कुठलं? — ‘उरलेला वेळ’. तेच! गेले दोन महिने दुकानात, लिफ्टमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, जाऊ तिथे वाजतंय. लग्न झालेल्या माणसाला त्याची ‘ती’ सांगते — तुझा संसार तुझ्याजवळ ठेव, मला फक्त उरलेला वेळ दे. उरलेला! बाई शिळंपाकं मागतेय आणि लोक टाळ्या वाजवतायत.

शाळेतल्या पोरीसुद्धा गुणगुणतात. अर्थ कळतो का कुणाला?

४ मार्च, मंगळवार

अर्थ लावायला बसले. गाताना ‘तो’, ‘ती’, सगळं मोघम चालतं. खुणांमध्ये नाही चालत. तो कुठे उभा, त्याची बायको कुठे, ही बया कुठे — हवेत एकेकाची जागा ठरवायची आणि गाणं संपेपर्यंत पाळायची. त्याला मधे ठेवलं. बायकोला उजवीकडे. हिला डावीकडे, जरा खाली. मुद्दामच.

बायको तर गाण्यात जवळजवळ नाहीच! अख्ख्या गाण्यात बिचारीचा उल्लेख एकदा, तोही ‘घरचे’ म्हणून. दुसऱ्या कडव्यात हा फोनवर म्हणतो, ‘आज जमत नाही, पाहुणे आलेत.’ आणि ही म्हणते, ‘मी दोन्ही कप धुते, एक न वापरताच.’ काय पण त्याग! ओकारी येते.

नवरा भाजी चिरत ऐकत होता. म्हणे, "अगं, गाणं आहे ते. साक्ष द्यायला उभी राहिल्यासारखी काय चिडतेस?" म्हटलं, तुला आवडतं का हे? तर म्हणतो, "चाल बरी आहे." चाल बरी आहे म्हणे! पुरुषांना बरीच वाटणार.

६ मार्च, गुरुवार

पहिली तालीम. वाट लागली.

आमच्या भाषेत चेहरा म्हणजे अर्धं वाक्य. हात काहीही सांगोत, भुवया आणि ओठ वेगळं बोलले तर बघणारा चेहऱ्यावरच विश्वास ठेवतो. संयोजकबाई म्हणाल्या, "हात सुंदर हो. पण तोंड असं, की कुणी कडू औषध पाजलंय." बघायला एका सुताराला बोलावलं होतं, जन्मापासून ऐकू न येणारा. त्याने विचारलं — या बाईच्या पोटात दुखतंय का? सगळे हसले. मीपण हसले, पण लागलं मनाला. नव्या दुभाष्यांना मीच तर शिकवते, आपलं मत हातात उतरू द्यायचं नाही म्हणून!

जाताना बाईंनी सुनावलंच. "चेहरा सुधारला नाही तर शेवटचं गाणं दुसऱ्या कुणाला देईन." इतक्या वर्षांत माझ्या हातातून गाणं कुणी काढून घेतलेलं नाही. या असल्या गाण्यापायी माझं नाव खराब होणार!

७ मार्च, शुक्रवार

औषधाच्या दुकानात परत तेच. खोकल्याचं औषध न घेताच बाहेर पडले.

९ मार्च, रविवार

आईकडे गेले. म्हटलं, तिला दाखवू. तिच्याहून कडक परीक्षक कोण? जन्मात एक गाणं ऐकलेलं नाही, त्यामुळे चालीची भूल पडायचा प्रश्नच नाही.

आईच्या दाराची बेल वाजत नाही, पेटते. बटण दाबलं की स्वयंपाकघरात लाल दिवा. बाबांनी बसवलेला. बाबा औषधाच्या कंपनीत होते, कायम फिरतीवर. आठवड्यातून एखाद्या दुपारी यायचे, आणि तेवढ्यातही आईसाठी काहीतरी दुरुस्त करत बसायचे. खुणा मात्र त्यांना कधी जमल्या नाहीत. बोटं अशी ताठ, की आई हसून लोटपोट व्हायची. त्यामुळे पाच वर्षांची असल्यापासून दोघांच्या मधे मी. बाबा बोलणार, मी हातांनी सांगणार. आईचे हात हलणार, मी बोलणार. फोन तर सगळे मीच घ्यायची. केवढा तोरा होता मला त्याचा! मी दहा वर्षांची असताना बाबा गेले, तेही फिरतीवरच. "सगळं तिकडेच उरकलं," एवढंच आईने सांगितलं. शेवटचं बघायलाही मिळालं नाही. नवरा असावा तर असा — म्हणून तर या गाण्यातल्या माणसाला जोड्याने मारावंसं वाटतं.

आईला गाणं करून दाखवलं. हसेल वाटलं होतं. नाही हसली. म्हणाली — परत. परत केलं. म्हणाली — ही बाई किती वर्षांची?

हे कुणीच विचारलं नव्हतं अजून. म्हटलं — काय करायचंय तिच्या वयाशी?

आई — तू हिला भिकारीण केलीस.

मी — आहेच ती!

आई उठली आणि ओटा पुसायला लागली. पुसलेलाच होता.

११ मार्च, मंगळवार

आज गायिका भेटली. केवढीशी पोर! पाय खुर्चीवर घेऊन बसली होती, सरबताच्या ग्लासात नळी. म्हटलं, बाई, एकदा तुम्हीच सांगा या गाण्याचा अर्थ. म्हणते, "ॲक्च्युअली ना, हे स्वतःवर प्रेम करण्याबद्दल आहे."

स्वतःवर! म्हटलं, आणि त्याची बायको? "ती एक कल्पना आहे हो." अस्सं! मग त्याचे शर्ट कोण धुतं, कल्पना? त्याच्या आईला दवाखान्यात कोण नेतं? तोंडावर आलं होतं, गिळलं. घरी येऊन नवऱ्यावर ओरडले. त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. 

१३ मार्च, गुरुवार

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल. स्वतःहून! हनुवटीला बोट लावून हाक मारली — माझ्या तिथल्या तिळावरून तिने ठेवलेलं माझं नाव. आणि थेट — ‘उरलेला वेळ’ चुकीचा दाखवतेस.

मी ताटातलं खरकटं बाजूला लोटावं तसं दाखवत होते. आईने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. मग हवेतच तेलाची बाटली तळहातावर उलटी धरली. थांबली. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबली. आणि तो एक थेंब बोटांना, मनगटांना, पार कोपरापर्यंत पुरवला. सावकाश. चेहरा खूश. खरंच खूश!

मग म्हणाली — आणि ही त्याच्याकडे बघणार नाही. दाराकडे बघेल. तो बसलेला असला तरी.

मला रागच आला. माझी आई, आणि असल्या बाईची बाजू घेते? म्हटलं — तुला काय माहीत अशा बायकांचं!

आईचे हात मांडीवर पडले. मग — दूध उतू जातंय. फोन बंद. दूध ती सकाळीच तापवते.

१४ मार्च, शुक्रवार

तेलाचा थेंब घेतला गाण्यात. नाइलाज! सुंदर आहे म्हणून घेतला. किळस कायम.

१५ मार्च, शनिवार

झाला कार्यक्रम. अक्षर वाकडंतिकडं येतंय.

शेवटचं गाणं. थेंब घेतला, पुरवला, दाराकडे बघितलं. पहिल्या रांगेत सुतार पुढे सरकून बसला. दुसरं कडवं आलं — तो फोन. आणि माझा डावा खांदा आपोआप वर गेला, कानापर्यंत. तालमीत मी असं कधीच केलं नव्हतं. हे कुठून आलं?

आठवलं. तिथेच, दिव्याच्या झोतात. मी स्टुलावर उभी. रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबलेला, कारण दोन्ही हात मोकळे हवेत. समोर आई, नवी साडी नेसलेली. कानात बाबा — "आईला सांग, आज जमत नाही. घरी पाहुणे आलेत." आणि मी सांगतेय. एकदा नाही, किती वेळा! कधी पाहुणे, कधी ‘मुलाला ताप आहे’. कुठला मुलगा? मी तर एकटी. फिरतीवरच्या माणसाकडे पाहुणे कसले? घरी? घरी तर आम्ही होतो.

गाणं पुरं केलं. कसं केलं, माहीत नाही. संयोजकबाईंनी मिठी मारली. "आज चेहरा काय लागला गं!" मी विंगेमागच्या बेसिनवर जाऊन ओकले. खरोखरच.

१६ मार्च, रविवार

आईकडे गेले. दार उघडल्या उघडल्या विचारलं — बाबांचं दुसरं घर होतं?

आई — दुसरं आपलं.

मग नवलाने माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली — मला वाटलं, तुला माहीत आहे. सगळं तूच तर सांगायचीस मला.