रिबूची कांचनमम्मी

१५ जून ९८
सामूचे जुलाब थांबले, आता कफ. सातवा महिना लागला तरी मांडीवरून उतरायला तयार नाही. लंगोट वाळत नाहीत. गॅलरीत, खुर्चीच्या पाठीवर, दाराच्या कडीला, सगळीकडे लंगोट. हे सकाळीच डिंगोऱ्याच्या दवाखान्यात गेले. जनावरांच्या ऐवजी माणसांचे डॉक्टर असतात तर घरी उपयोग झाला असता, म्हटलं. हसले नि गेले.
दुपारी रिबू शेजारून आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, केस तेल लावून चापून बसवलेले. तीन-चार दिवस मी तिच्या डोक्याला कंगवा लावला नव्हता, खरं आहे ते.
"कुणी घातल्या?"
"कांचनमम्मीने."
आजवर भाभी म्हणत होती. मम्मी कधीपासून?

१८ जून
रिबूने अंडं खाल्लं नाही. ताटलीत कडेला सारलं. "त्यात पिल्लू असतं. त्याला दुखतं."
हे म्हणाले, "जनावरांच्या डॉक्टरची मुलगी शोभते." मला हसू आलं नाही. चार वर्षांच्या पोरीला हे कुठून सुचतं? भिंतीपलीकडून.
इमारत भाभींची, खालचं कापडदुकान भाभींच्या घरचं, वर दोन बिऱ्हाडं, एक त्यांचं नि एक आमचं. त्यांच्याकडे अंडं चालत नाही, म्हणून आम्ही अंडी उकडताना खिडकी लावून घेतो. त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

२१ जून, रवि.
उपासनेला सगळे गेलो. संडेस्कूलमध्ये पाळकबाईंनी लहानांना विचारलं, तुमच्यावर सगळ्यात जास्त प्रेम कोण करतं? सगळी पोरं पाठ केल्यासारखी ओरडली, "येशू!" एकटी रिबू, "कांचनमम्मी!"
बायका हसल्या. मीही हसले, गाल दुखेपर्यंत. नंतर पाळकबाई म्हणाल्या, "शैला, लेकरू आहे. रागावू नकोस हं तिला."
तिला नाही रागावले. खरं सांगायचं तर प्रभूचा नंबर हुकला ह्याचं काही वाटलंच नाही. माझं नाव तर तिच्या मनातही आलं नाही, तेवढंच घेऊन घरी आले. प्रार्थनेत डोळे मिटून तेच.

३ जुलै
भांडी घासता घासता हौसाबाई: "ताई, पोरगी लई गुनाची हाय. भाभीच्या मांडीवर बसून जेवत व्हती. मला वाटलं त्यांचीच हाय." माझ्या तोंडाकडे बघून मग म्हणाल्या, "त्यांना न्हाई ना काई. बसू द्या की घटकाभर."
घटकाभर! सकाळी दूध पिऊन जाते ती सामूच्या झोपेच्या वेळी येते.
भाभींना लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. मला माहीत आहे. त्यांच्या सासूबाई त्यांना काय काय बोलतात तेही भिंतीतून ऐकू येतं. कीव यायला हवी. येतेही. पण मग रिबू तिकडून नाचत येते, अंगाला वेलचीचा वास, आणि कीव कुठे जाते कळत नाही. त्यांच्याकडे दुपार असते. अख्खी मोकळी दुपार. जमिनीवर बसून बाहुलीला साड्या नेसवायला. हसणारी रिबू त्यांच्या वाट्याला. नाक वाहणारी, हट्टाला पेटलेली, आंघोळीला रडणारी माझ्या.
ह्या भावनेला नाव आहे. मत्सर. लिहून टाकलं.

११ जुलै
आज सामू हसला. नेहमीचं नव्हे, पोट धरून. रिबू गायीसारखी हंबरली (हे दवाखान्यातल्या गोष्टी सांगतात ना), आणि हा जो सुटला. ती परत हंबरली, हा परत. मी पोळी तव्यावर जाळली. तिघंही जमिनीवर लोळून हसलो. प्रभू, तुझे आभार, असं पहिल्यांदा न ठरवता तोंडातून आलं. बऱ्याच दिवसांनी.
कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पाय गॅलरीत गेले, भाभींच्या दाराशी. मग नाही सांगितलं. हे माझं आहे, तुमच्याकडे नाही, असं काहीतरी मनात. परत फिरले.

२४ जुलै
रिबूने पाटी आणून दाखवली. त्यावर क. वाकडा, पण क.
"कुणी शिकवलं?"
"कांचनमम्मीने. क कांचनमम्मीचा."
लग्नाआधी नगरला मी बालवाडीत शिकवत होते. किती मुलांची बोटं धरून पाटीवर फिरवली. माझ्या पोरीचं पहिलं अक्षर मी गिरवून घेणार, हे ती पोटात असतानाच ठरवलं होतं. सामू जरा मोठा झाला की, पाऊस थांबला की, असं करत राहिले.
पाटी ओल्या फडक्याने पुसली. रिबू बघतच राहिली. मग रडली. मी म्हटलं, उद्यापासून तिकडे जायचं नाही.

२५ जुलै
दाराला आतून कडी. रिबू दाराशी बसून.
भाभी बाहेरून: "शैलाताई, गुड्डी आली नाही? बरी आहे ना?" (त्यांनी तिला गुड्डी नाव ठेवलंय. रिबेका म्हणता येत नाही म्हणे.)
"सर्दी झालीय तिला. झोपलीय."
रिबू माझ्या शेजारी उभी, डोळे मोठे करून. तिच्यासमोर खोटं बोलले. अर्ध्या तासाने भाभींनी सुंठ-गुळाच्या गोळ्या पाठवल्या. घेतल्या मी.

२९ जुलै
घरात ठेवली, पण खेळवायचं कसं? "कांचनमम्मी असं नाही करत." "कांचनमम्मी ओरडत नाही." मी बाहुलीला साडी नेसवली तर म्हणाली, निऱ्या चुकल्या.
संध्याकाळी कणीक मळत होते. तिने एक गोळा मागितला. दिला. तिने गाय केली. मग दुसरी. मग पोळपाटावर दवाखाना, काडेपेटीतल्या काडीचं इंजेक्शन. "ही गाय रुसलीय, चारा खात नाही." "का रुसली?" "तिच्या आईने दार लावलं."
मी तिच्याशेजारी खाली बसले. गायीची आई कोण होणार विचारलं तर माझ्याकडे बोट केलं. सगळ्या गायींच्या मी आई. जेवण उशिरा झालं, ह्यांनी काही विचारलं नाही. फार दिवसांनी असा आनंद झाला. हा आनंद मला कुणी चोरून नेला नव्हता, मीच तिथे नव्हते. कामात होते. लंगोटात होते.

६ ऑगस्ट
भाभी स्वतः आल्या. मी दार उघडल्यावर गॅलरीतच उभ्या. आत या म्हटलं नाही मी लगेच. रडलेल्या, पण हसत होत्या.
"ताई, तुम्हालाच पहिलं सांगते. दिराची धाकटी, आत्ता झालेली. ती आम्हाला देणार आहेत."
दीर घोडनदीला असतात. त्यांची ही तिसरी मुलगी.
मी त्यांचे हात धरले. छान झालं भाभी, प्रभूने ऐकलं, असं म्हटलं. खोटं नव्हतं. पण त्या गेल्यावर मी चुलीशी गाणं म्हणत होते, ते त्यांच्यासाठी नव्हतं. माझी पोरगी मला परत मिळाली, ते गाणं.
दुपारी कडी काढून टाकली. रिबू धावत गेली.

८ सप्टें.
बाळ आलं. खाली दुकानात सगळ्यांना पेढे. रिबूला नवा फ्रॉक घालून मीच पाठवली, बाळ बघून ये म्हणून.
लगेच परत. दारात उभी.
"काय झालं?"
"हात लावू नको म्हणाली. उठेल म्हणाली."
"लहान आहे ना ते, म्हणून."
"आई, ती त्याला गुड्डी म्हणते."
मी तिच्या फ्रॉकची नाडी सारखी केली.
"आता ती गुड्डी. मी कोण?"
"तू रिबेका. माझी रिबू."
"मला गुड्डी व्हायचंय." आणि रडली, अशी रडली की सामूपण घाबरून रडायला लागला.
इतके महिने मला हेच हवं होतं. झालं. आणि आता माझाच संताप. नाव दिलं होतं तिला, ते काढून दुसऱ्याला कसं दिलं? एवढी गोड पोरगी, दारातून परत कशी पाठवली? हे म्हणाले, "तुला नक्की काय हवंय, शैला?"


२० सप्टें., रवि.
रिबूने सामूला चिमटा काढला, दंडाला, वळ उठेपर्यंत. मारायला हात उचलला होता मी. तिचं तोंड बघितलं आणि खाली घेतला. ते तोंड मी ओळखते, रोज पाणी पिताना पितळी तांब्यात दिसतं.
तिला मांडीवर घेतलं. सामूला ह्यांच्याकडे दिलं. म्हटलं, "राग येतो ना? सगळ्यांना तोच हवा असतो असं वाटतं ना?" मान हलवली. "मलापण येतो असा."
"तुला? कुणाचा?"
"आहे एकजण."
"मग तू काय करतेस?"
"प्रभूला सांगते."
"तो काय म्हणतो?"
काही म्हणत नाही अजून, असं कसं सांगायचं. म्हटलं, ऐकून घेतो. तिला तेवढं पुरलं. मांडीवरच झोपली, जड, घामेजलेली. सामूच्या आधी अशीच झोपायची. उपासनेला गेलोच नाही. पण आज घरात जे झालं ते कमी नव्हतं.

३० सप्टें.
पाटीवर र. रिबूचा र. पोट वाकडं, शेपटी लांब. मी बोट धरलं होतं. क पण काढायचा म्हणाली. काढू दिला.

२ ऑक्टो.
पलीकडे बाळ दिवसभर रडतं. बाटली धरत नाही. सासूबाईंचा आवाज: "पोटची नाही ना, म्हणून हात कळत नाही तुला." भाभींचा आवाजच नाही.
हौसाबाई: "लई हडकलंय पोर. तुमी जरा सांगा की त्यांना, कसं धरायचं ते."
सामूला हातात घेतलं की मला ते रडणं ऐकू येतं आणि दूध आपोआप सुटतं. ब्लाउज भिजतो. शरीराला कुणाचं मूल ते कळत नाही.
गेले नाही मात्र. रिबूला दारातून परत पाठवलं होतं त्यांनी. ते आठवत राहिले.

५ ऑक्टो.
सासूबाई मंदिरात गेल्यावर भाभी आल्या. बाळ फडक्यात. माझ्याकडे न बघता:
"डॉक्टर म्हणतात वाटी-चमच्याने घाला. गिळत नाही, ताई. वजन उतरलंय." फडक्याचं टोक नीट केलं. "तुम्ही सामूला अजून पाजता ना?"
मी हो म्हटलं.
"बाईजींना सांगू नका." (सासूला त्या बाईजी म्हणतात.)
हात पुढे केले. विचार केला नाही, करायला वेळच नव्हता. रडून रडून तिचा घसा बसला होता. आधी तोंड फिरवलं, मग चाचपलं, मग धरलं. ताणलेले पाय सैल पडले. एवढंसं बोट माझ्या साडीच्या काठात अडकलं. मला हसूच आलं. दोन बाळंतपणं झाली, तरी दर वेळी हा चमत्कार नवाच. रिबू शेजारी येऊन बसली आणि गुड्डीच्या पायाला एक बोट लावलं. कुणी तिला ओरडलं नाही.
मान वर केली. भाभी बघत होत्या. बाळाकडे नाही, माझ्याकडे. ती नजर मला नवी नव्हती. जूनपासून मी तीच भिंतीकडे लावून बसले होते.
"बास, ताई. झालं तिचं."
झालं नव्हतं. त्यांनी ओढूनच घेतलं. हनुवटीवर दुधाचा थेंब होता, तो पदराने पुसला. जोरात. बाळ रडलं. त्या गेल्या, आणि त्यांच्या दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

६ ऑक्टो.
आल्या नाहीत. ह्यांना सांगितलं सगळं. हे म्हणाले, "वासरू दुसऱ्या गायीला लावलं की पहिली शिंगं मारते. पण वासरू जगतं."
"भाभी गाय नाहीत."
"तूही नाहीस," म्हणाले.

८ ऑक्टो.
परत रडणं. सकाळपासून. आता तर मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज.
मी गेले तर भाभींना काय वाटेल ते मला आतून बाहेरून माहीत आहे. दुसरं कुणी नसेल जुन्नरात, ज्याला एवढं माहीत असेल. म्हणूनच जड जातंय. आणि एक गोष्ट फक्त इथे लिहिते: त्या दिवशी त्यांचं तोंड बघताना मला क्षणभर बरं वाटलं होतं. आता तुम्हाला कळलं, असं. म्हणून प्रार्थना केली ती एवढीच, प्रभू, मला तिथे जिंकायला पाठवू नकोस.
रिबू: "आई, तिला भूक लागलीय."
"माहीत आहे."
"मग जा ना. मी सामूकडे बघते. चिमटा नाही काढणार."
सासूबाई घरातच आहेत, त्यांचा आवाज येतोय. भाभी दार उघडतील की नाही, उघडलं तर काय म्हणतील, सासूबाईंसमोर मी काय सांगू, काही ठरलेलं नाही. ब्लाउज बदलला तो परत भिजला.
रिबू दारात उभी आहे. सामू तिची पाटी चोखतोय. उठते.