सासूबाईंना वाट सांगताना

४ मे

धरणवाले आले! आमच्याच टेबलावर नकाशा पसरला, वर माझाच चहा. मोजणीवाला निळ्या भागावर हात फिरवत म्हणतो, "हे सगळं पाण्याखाली जाईल, बाई." सगळं म्हणजे माझं घर, चर्च, मक्याचं शेत आणि सासूबाई. पाणी जाणार सरहद्दीपलीकडे, जोहान्सबर्गच्या नळांना. आम्ही लेसोथोवाले झऱ्यावरून बादल्या वाहतो. वा!

माणसं नंतर हलवणार. आधी कबरी.

५ मे

मासेरूहून मोठ्या दिरांचा, मोलेफी भावोजींचा फोन. "आईला सध्या तुमच्या नव्या वसाहतीत ठेवा. जून-जुलैची थंडी सरली की मी राजधानीत नेतो. मोठा मुलगा आहे मी!" न्या की! मी अडवतेय थोडीच? बाईंना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी स्वयंपाकघरात मान वळवून बघते मी. मी खालच्या मुलखातली. "सपाट मुलखातली, सपाट डोक्याची," म्हणायच्या. शेवटी तर बोलणंच टाकलं होतं.

११ मे

रामाबांता काका आले होते. गावात तेच सगळ्यात वडील. म्हणाले, "कबर हलवताना मेलेल्याला वाट सांगावी लागते. घरच्याच माणसानं. गप्प बसलात तर ती इथेच राहील. बुडेल."

सेखोबे म्हणाला, "मी सांगेन." आणि खोकला सुरू. माझ्या नवऱ्यानं पलीकडच्या सोन्याच्या खाणीत उभी हयात घालवली. सोनं त्यांना, धूळ ह्याच्या छातीत. एक वाक्य धड पुरं होत नाही.

काका म्हणाले, "मग सून सांगेल."

मी फिस्सकन हसले! सेखोबे हसला नाही.

१९ मे

झालं एकदाचं. बोटं गारठलीत, पण लिहिते.

पेटी ब्लँकेटात गुंडाळून ट्रकमध्ये ठेवली, शेजारी मी. सुचेना काही. शेवटी म्हटलं, "आई, उठा. गाडी आलीय." ड्रायव्हर खुसखुसला. मेला!

"आता खाली उतरतोय. आता सेंकू नदी. पूल नवा आहे, घाबरू नका. आता चढ." सांगायला वाट संपली, चढ काही संपेना. मग बातम्या दिल्या. म्हटलं, पंतप्रधान इतके बदलले की मी मोजायचं सोडलं. खाणींनी माणसं घरी पाठवली. मधे एक साथ आली आणि सरहद्द बंद! चारी बाजूंना एकच देश, जायचं कुठे? शेजारची मामोसा पळून गेली. हो, त्याच पाद्र्याबरोबर. तुम्ही म्हणतच होता.

खिंडीत ट्रक बर्फात रुतला. सगळे उतरून ढकलायला लागले. सेखोबेसुद्धा. "तू नको!" मी ओरडले. ऐकतोय कसला! ढकलतोय, खोकतोय, पुन्हा ढकलतोय. आणि मला थांबता येईना, थांबले तर ही बाई खिंडीतच राहायची.

तोंडून निघून गेलं — "आई, तुमचा मुलगा हलका होत चाललाय. रात्री कुशीवर वळतो तर कळतसुद्धा नाही. तो झोपला की मी त्याच्या नाकाशी हात धरून बघते. मला फार भीती वाटते. कुणाजवळ बोलू?"

बाई पहिल्यांदाच मधे बोलल्या नाहीत.

ट्रक निघाला. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आता उजवीकडे वळतोय."

२० मे

घसा पार बसला. सेखोबेनं माझ्यासाठी पेज केली. मीठ विसरला. सगळी प्यायले.

८ सप्टेंबर

मोलेफी भावोजी गाडी घेऊन आले, आईला न्यायला. सेखोबेला आईशेजारी ठेवून सहा आठवडे झालेत. नव्या वसाहतीच्या त्या माळावर ओळखीचं दुसरं कोण आहे त्याला?

म्हटलं, "नेता येणार नाही. वाट मीच सांगायची ना? मला मासेरूची वाट माहीत नाही."

माझं माहेर त्याच वाटेवर आहे.