तिसऱ्या शिरेचा आकडा

मंगळ., ४ नोव्हें.

पुन्हा जेल लावून घेतलं. सात. परत वाचलं. आठ. मग पुन्हा सात. मोठ्याने म्हणाले, "सात, सर."

सरांनी मान वर केली नाही. प्रोब त्यांच्या हातात, नव्या शिरेला कवेत धरून, पडदा माझ्यासमोर. ते पडद्याकडे कधीच बघत नाहीत. बघितलं की माणसाला हवं ते दिसतं, म्हणतात. म्हणून आमच्या ऑपरेशन थिएटरचा, ओटीचा, नियम: तीनदा वाचायचं, सर्वांत कमी तो आकडा बोलायचा. बायपासला लावलेल्या शिरेतून मिनिटाला किती मिली रक्त पुढे जातं, एवढंच माझं काम. विसाच्या वर असेल तर छाती बंद करतात. नसेल तर सर विचार करतात.

शिरेला पीळ पडला होता. वरचा टाका उसवला, पीळ काढला, पुन्हा शिवली. चौतीस.

पेशंट तलवाड्याचा. बाहेर त्याची बायको. कावून एवढा येळ लागला म्हणून विचारत होती. सांगितलं, शीर नीट करून घेतली, आता चौतीस आहे. म्हणाली, "चौतीस म्हंजे एका मार्कानं नापास की वो ताई."

दुपारी अम्मीचा फोन. अब्बा मोसंब्यांच्या गाड्याजवळ खाली बसले. घाम. छातीवर हात. गेवराईच्या डॉक्टरने बीडला न्यायला सांगितलंय. आमच्याच हॉस्पिटलला.

"त्यांना माहीत आहे का मी तिथे आहे ते?"

अम्मी म्हणाली, माहीत आहे. म्हणूनच नाही म्हणत होते.

बुध., ५ नोव्हें.

अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी अडथळा. ऑप. लागणार.

मी काचेबाहेरून पाहिलं. दाढी पूर्ण पांढरी झाली आहे. कधी झाली?

तीन वर्षं. माझी मंगनी झाली होती, लग्नाची कार्डं वाटून झाली होती. मुलाकडच्यांनी ओटीचा कोर्स सोडायला सांगितलं. मी अब्बांना न विचारता त्यांना फोन करून नाही म्हटलं. अब्बा एकेका घरी जाऊन कार्ड परत घेऊन आले. तेवढे दिवस गाडा लावला नाही. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही.

संभाजीनगरला जाताना एसटी गेवराई स्टँडवर थांबते. डावीकडची खिडकी धरायची मी. गाडा दिसतो. मोसंब्यांचा ढीग, त्यामागे टोपी. एकदाही उतरले नाही.

शुक्र., ७ नोव्हें.

वॉर्ड. त्यांची माहिती लिहून घ्यायची होती. फॉर्म मी भरला. वय, बिडी, साखर, आधीची औषधं. मी विचारायचं, अब्बांनी अम्मीकडे बघून उत्तर द्यायचं. अम्मी मध्ये बसून हैराण. शेवटी म्हणाली, मी काय पोस्टमन आहे का. शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. अब्बा नाही.

निघताना मागून आवाज आला.

"ओ ताई, खाट जरा वर करता का?"

मराठीत. आमच्या घरात दखनी बोलतात; मराठी गाड्यावरची. गिऱ्हाइकाला ताई, माई, मावशी. मला घरात नसू म्हणायचे, नसरीनचं नसू.

खाट वर केली. "बस, बस ताई," म्हणाले.

मी मराठी घेऊन बी. ए. केलं तेव्हा पेढे वाटले होते त्यांनी. या भाषेत मला कुणी इतकं लांब ठेवेल असं

शनि., ८ नोव्हें.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सोमवारी ऑप. पण माझ्या जोडीचा प्रशांत बहिणीच्या लग्नाला माजलगावला, बुधवारी येणार. फ्लो मीटर आम्हा दोघांनाच येतं. सर म्हणाले, घरच्या माणसावर आपण काम करत नाही. तब्येत स्थिर आहे, गुरुवारपर्यंत थांबू.

मी म्हणाले, थांबायची गरज नाही. मला जमेल.

"नक्की?"

"आकडाच तर वाचायचाय, सर."

सर हो म्हणाले.

खरं काय ते इथे तरी लिहावं. मला तिथे असायचं होतं. ते झोपलेले असतील आणि मी त्याच खोलीत असेन. चार तास. तीन वर्षांत इतका वेळ मिळाला नाही.

सोम., १० नोव्हें.

साडेआठला घेतलं. भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, तुझे वडील ना? हो म्हटलं.

हिरव्या कापडाखाली माणूस दिसत नाही, हे बरं असतं. आज बरं वाटलं नाही. एकदा कापडाखालून हाताची बोटं दिसली. नखांत अजून सालीचा पिवळेपणा.

पहिली जोडणी, छातीच्या आतली धमनी. एकेचाळीस, एकोणचाळीस, चाळीस. म्हणाले, एकोणचाळीस. दुसरी, पायातली शीर. छत्तीस, तेहतीस, चौतीस. म्हणाले, तेहतीस.

तिसरी हृदयाच्या मागच्या अंगाला. त्यासाठी हृदय उचलून धरावं लागतं. ब्लडप्रेशर पडलं. शिवून झालं, हृदय जागेवर ठेवलं. प्रोब लावला.

अकरा.

मग नऊ.

मॅडमनी प्रेशरसाठी औषध सोडलं होतं, ते चढत होतं. मी थांबले. प्रेशर वाढलं की प्रवाहही वाढलेला दिसतो; आकडा हलत होता. चौदा. अठरा. मी वाचत नव्हते, वाट बघत होते. बावीस.

"बावीस, सर."

"बावीस," सर म्हणाले आणि प्रोब परत दिला.

छाती बंद करायला घेतली. खोटं नव्हतं. पडद्यावर बावीस होतंच.

मंगळ., ११ नोव्हें.

सकाळी अब्बांच्या घशातली नळी काढली. आवाज घोगरा. पाणी मागितलं ते सिस्टरकडे. सिस्टर लातूरची, तिला "बेटा" म्हणाले. मी दाराशी होते.

अम्मीला वाटतं सगळं पार पडलं. नातेवाइकांना फोन करत बसली आहे. मी सांगते ते सगळं त्यांना सांगते: तीन जोडण्या, तिन्ही चांगल्या.

दुपारच्या ईसीजीत किंचित बदल. सर म्हणाले, बघू.

मला ठाऊक आहे कुठे बघायचं ते.

बुध., १२ नोव्हें.

इकोमध्ये मागची भिंत थोडी मंद हलते आहे. तिसऱ्या जोडणीच्याच वाट्याची. प्रेशर ठीक, लघवी ठीक, बोलणं ठीक. सर रिपोर्ट हातात घेऊन उभे होते. तिसरी बावीस होती ना, म्हणाले. मला विचारलं नाही, स्वतःशीच.

डबा उघडला, बंद केला. अकरा वाजता त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. अकरा, नऊ, मग थांबले ते. औषध. बावीस.

ते उठून ओटीत गेले. मशीनमध्ये सगळं साठवलेलं असतं. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. त्यांना पडद्याकडे बघताना मी पहिल्यांदा पाहिलं. आलेख पुढे-मागे करून बघितला. बराच वेळ.

मग म्हणाले, "नऊ ऐकलं असतं तर उसवली असती का, मला माहीत नाही. प्रेशर कमी होतं. अजून अर्धा तास, या वयात. कदाचित तशीच ठेवली असती." थांबले. "पण ते मी ठरवायचं होतं, नसरीन."

मी हो म्हटलं.

शुक्रवारी सकाळी पुन्हा अँजिओग्राफी, तार घालून ती शीर उघडी आहे का ते बघणार. लवकरच करायचं, पण किडनीचा रिपोर्ट किंचित वर आहे, तो उतरू द्यायचा. मध्ये दुखलं तर लगेच. बंद असेल तर स्टेंट जमतो का ते बघायचं. नाहीतर पुन्हा छाती उघडायची. मशीन आजपासून प्रशांतकडे. तो लग्नाचे लाडू घेऊन आला होता. मी एक घेतला. खाल्लाही. चव लागली नाही.

गुरु., १३ नोव्हें.

किडनीचा रिपोर्ट उतरला. छातीत दुखलं नाही.

पेशंटला मी समजावतो, सर म्हणाले. मी म्हणाले, कारण मला सांगू द्या.

अब्बांना जनरल वॉर्डात आणलंय. उशी छातीशी धरून बसले होते, खोकला आला की दाबायला. अम्मी मोसंबी सोलत होती. अब्बा तिला सांगत होते, ही गाड्यावरची नाही, कुठून आणलीस, हाताला हलकी लागते. आवाजात जुनी कुरकुर. मला इतकं बरं वाटलं की परत जावंसं वाटलं.

खाटेजवळ उभी राहिले. दखनीत बोलले. तीन वर्षांत त्यांच्यासमोर पहिल्यांदा. उद्या पुन्हा तपासणी आहे. तिसऱ्या शिरेतून रक्त कमी जात असेल. ऑपरेशनच्या वेळी आकडा कमी आला होता, नऊ. मी नऊ सांगितलं नाही. वाढेपर्यंत थांबले आणि वाढलेला सांगितला. डॉक्टरांची चूक नाही.

अम्मीचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली, मग अब्बांकडे.

अब्बा खिडकीकडे बघत होते. वाटलं, ऐकलंच नाही. मग त्यांनी मान वळवली. अम्मीकडे नाही.

"तू उधर थी?"

अम्मीने त्यांना सांगितलं नव्हतं. भूल द्यायच्या वेळी मी पडद्यामागे होते, त्यांनी पाहिलं नव्हतं.

"हाँ अब्बा."

"मेरा दिल देखी तू?"

"नहीं. नंबर देखी."

त्यांना खोकला आला, उशी दाबली. मी पुढे झाले, त्यांनी हाताने थांबवलं. खोकला थांबल्यावर म्हणाले,

"तेरेकू अच्छा नंबर होना था."

रागाने नाही. मायेनेही नाही. गाड्यावर एखाद्या फळाबद्दल बोलतात तसं. हे आतून खराब, हे चालेल. मला चांगला आकडा हवा होता, हे त्यांना एका वाक्यात कळलं. मला तीन दिवस लागले.

अजून काही म्हणतील म्हणून थांबले. कसली वाट बघत होते? माफीची नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं, नावानिशी दिली असती तर. त्यांनी डोळे मिटले. अम्मीने खुणेने जा म्हटलं. दाराशी पोचले तेव्हा त्यांचा आवाज ऐकला, अम्मीशी: हिने सकाळपासून काही खाल्लं का विचार.

अम्मीने विचारलं नाही. सोललेली मोसंबी आणून हातात दिली. ती रडत होती, मला तिच्याकडे बघवेना. जिन्यात उभी राहून खाल्ली. खरंच हलकी होती, रस कमी.

संमतीच्या फॉर्मवर अब्बांनी स्वतः सही केली, उर्दूत. तारीख मी घातली.

शुक्र., १४ नोव्हें.

सकाळी साडेसातला ट्रॉली आली. मशीन लागलंच तर म्हणून प्रशांत आत गेला. अब्बांनी टोपी आणि चष्मा काढून माझ्याकडे दिला; अम्मी शेजारीच उभी होती. पावणेआठला दार बंद झालं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो.