चोवीस टोपणांचा जबाब

मी, इन्नोकेंती साव्हेल्येविच द्रोझ्दोव, वय ७१, निवृत्त रॉकेट इंजिनिअर, राहणार समारा, पूर्ण शुद्धीवर हे लिहितो. आज मला कोणाचा धाक नाही. धाकात होतो तेव्हा जे लिहिले, ते इथे खोडतो आहे.

१. काकडीच्या लोणच्याच्या अकरा बरण्या शेजारीण झिनाइदा हिला. मीठ जास्त झालंय म्हणते. म्हणू दे, बरण्या मात्र कधी रिकाम्या केल्याशिवाय राहत नाही.

२. माझे पदक आमचे उपप्रमुख रोस्तिस्लाव पंक्रातोव यांना. त्यांच्याकडे अशी चार आहेत, सगळी दुसऱ्यांच्या कामावर मिळवलेली. हेही तसलेच, शोभून दिसेल.

३. घर ताइसिया येफीमोव्हना शुबिना हिला. का, ते सांगतो.

रॉकेटच्या नळ्यांवर, धूळ जाऊ नये म्हणून, लाल फीत बांधलेली चोवीस टोपणे असत. उड्डाणाआधी ती काढून मोजायची; एक जरी राहिले तरी नळी बंद. १९६४ साली, नोव्हेंबरमधल्या क्रांतिदिनाच्या आदल्या दिवशी, ताइसियाचे वडील, आमचे तंत्रज्ञ येफीम शुबिन, मोजून खाली आले.

"इन्नोकेंती साव्हेल्येविच, तेवीसच भरली. एक वर राहिलंय."

पंक्रातोव घड्याळ घेऊन उभा. "मॉस्कोला काय कळवू? हा टोपणं मोजत बसलाय म्हणून? सही कर आणि सुटका कर माझी."

मी चोवीस लिहून सही केली. रॉकेट चाळीस सेकंदांत माळावर कोसळले. चौकशीत दोष शुबिनवर आला, त्या अहवालावरही माझी सही आहे. ते मरेपर्यंत एका बॉयलरखोलीत कोळसा ओढत होते. मी भेकड निघालो, दुसरा शब्द नाही.

दहा वर्षांपूर्वी ताइसिया दारात आली. "खरं सांगा काका, बाबांची चूक होती?"

मी म्हणालो, "होती." वर तिला चहा विचारला. तिने घेतला नाही.

४. मोजणीचा तो कागद मी तेव्हाच चोरून आणला. शुबिनच्या अक्षरात तेवीस, खाली माझ्या अक्षरात चोवीस. तो ताइसियाचा.

मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, हे मला शिकवू नये. कलमे तीन आणि चार तिला उद्याच वाचून दाखवावीत. तिला माझ्या तोंडावर थुंकायचे असेल, तर तोंड अजून जागेवर आहे.

समारा, १२ मार्च १९९४
(सही) इ. सा. द्रोझ्दोव

साक्षीदार:
१. झिनाइदा कुझ्मिनिच्ना ओरेखोवा (सही)
२. रोस्तिस्लाव पंक्रातोव: दोनदा वाचले. सही न करता निघून गेले.