सतरा नंबरचं लेबल

१८ जानेवारी, रविवार
आधी दुरुस्ती. तीन तारखेच्या नोंदीत मी लिहिलं आहे, 'दोन्ही गोधड्या बांधल्या, कौसल्याबाईंनी पाहून हो म्हटलं.' हे खरं नाही. त्या हो म्हणाल्या नव्हत्या.
शाळेत नाव घालण्याआधी आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मला घरीच लिहायला शिकवलं. लिहिलेलं खोडायचं नाही, चुकलं तर नवी तारीख टाकून बरोबर काय ते लिहायचं, हा त्यांचा नियम. म्हणून हे.
झालं ते असं. घडी घातलेल्या गोधडीवर कौसल्याबाईंनी हात फिरवला आणि काठाशी थांबल्या. "हे माही नाई वाटत वो पोरी." मी घाईत. म्हटलं, "बाई, लेबलावर तुमचंच नाव आहे." त्यांना वाचता येत नाही. त्यांनी हात काढून घेतला. "तू लिवलं त बरोबरच असन."
पंधरा दिवस हे डोक्यात आहे. आज कागदावर आलं.

१९ जाने., सोमवार
सगळं क्रमाने आठवते.
गोधड्या शिवणाऱ्या आम्हा पाच जणींत लेबलं माझ्याकडे. मांजरपाटाची पट्टी, न जाणाऱ्या शाईनं त्यावर नंबर, शिवणारीचं नाव, आत काय घातलं ते. मग इस्त्री, कडा दुमडून कोपऱ्यात तुरपाई.
१७ नंबर: कौसल्याबाई. आत मोरेश्वरभाऊंच्या बायकोच्या सात सुती साड्या. त्या मागच्या वर्षी गेल्या. मुलगी सरिता घुग्घुसला असते, फेब्रुवारी अखेरीस पहिलं बाळंतपण. गोधडी तिच्यासाठी.
१८ नंबर: शबाना. आत तिच्या घरचे जुने कपडे. नागपूरच्या दुकानासाठी.
वरचं निळं कापड दोन्हींना एकाच ताग्यातलं. सरितानं फोटो पाहून तेच मागितलं होतं.
लेबलं लावून झाली होती. तीन तारखेला, बांधायच्या आधी, मला वाटलं १८ ची शाई नीट बसली नाही. खात्री असावी म्हणून दोन्ही उसवली, ओल्या फडक्यानं पुसून पाहिली, पुन्हा इस्त्री मारली. शाई ठीकच होती. परत शिवली. कोणतं कोणत्या गोधडीला, हे पाहिलं का? लेबलं तीनदा वाचल्याचं आठवतं. गोधडीकडे बघितल्याचं आठवत नाही.
खात्री करायला गेले नसते तर

२२ जाने., गुरुवार
कौ. बाई नाटकासाठी कुरुडला लेकीकडे गेल्या होत्या. दोन दिवस वाट पाहिली. आज गाठलं.
"बाई, तुमची गोधडी ओळखायची कशी?"
"कशी म्हंजे? शेवटच्या कोपऱ्यात तीन टाके उलटे रायते. माह्यी माय घाले, म्हणून मीबी."
"मग त्या दिवशी बोलल्या का नाहीत?"
"बोलली ना. तू मले लेबल दाखवलं."
रागानं म्हणाल्या नाहीत. सुईत दोरा घालत होत्या. तेच जास्त लागलं.

२४ जाने., शनिवार
नागपूरच्या दुकानातल्या मॅडमना कोपऱ्याचा फोटो मागितला. त्यांना वाटलं काही तक्रार आहे. दुपारी फोटो आला. मोठा करून पाहिला.
तीन उलटे टाके.
म्हणजे सात साड्या नागपूरला, काचेच्या कपाटात. सरिताकडे शबानाची.
जेवण गेलं नाही. आईला पित्ताचं सांगितलं. (पित्त नाही.)

२५ जाने., रविवार
शबानाला सांगितलं. आधी ती हसली. "त्यात माझ्या फुफीच्या (आत्याच्या) सलवारी आहेत गं. फुफी जिंदगीत वडसा सोडून कुठं गेली नाही, आता पोचली घुग्घुसले." मग माझं तोंड पाहून म्हणाली,
"दुकानवालीकडून मागव. माझी दुसरी तयार आहे, ती पाठव बदल्यात. आणि सरिताची बदलून टाक चुपचाप. लेबल नीट करायचं आहे म्हण, दहा मिनटाचं काम. किसी को क्या पता."
सोपं आहे. दिवसभर तेच डोक्यात. आधी सरिताशी बोलून बघू, अंदाज घेऊ.

२७ जाने., मंगळवार
फोन केला. रस्त्यावरून नाटकाच्या जाहिरातीची गाडी चाललेली, तिचं अर्धं ऐकूच येईना. ऐकू आलं ते लिहिते.
"ताई, मीच तुमाले फोन करणार होती. आईचा वास येऊन राह्यला त्याले. खरंच. तोंडावरून घेतली का डोळा लागते. ह्यायची रातपाळी असली का एकटी असतो मी, आता भेव नाई वाटत."
लेबल ठीक आहे ना, एवढंच विचारलं. ती म्हणाली, लेबल तर सुंदर आहे, आत आईचं लिहिलं आहे ते रोज वाचते.
आतमध्ये: कै. आईच्या सात साड्या. माझंच अक्षर.

१ फेब्रु., रविवार
मोरेश्वरभाऊ आले. नव्या तांदळाची पिशवी. "पोरगी खुश आहे. दोन महिने झोप नव्हती तिले. तुमच्या गोधडीनं दवाई केली." मी पिशवी घेईना. त्यांना वाटलं संकोच. ओट्यावर ठेवून गेले.
तेव्हा सांगायला हवं होतं. ते चप्पल घालेपर्यंत वेळ होता. वाकून अंगठा बसवत होते, मी दाराशी उभी. नाही सांगितलं.

५ फेब्रु., गुरुवार
नागपूरचं पार्सल आलं. बदलीची गोधडी सोमवारीच रवाना केली होती, शबानाची, लेबल चारदा ताडून. पाचव्यांदा बघायला गेले, तेव्हा शबानानं हातातून काढून घेतली.
पार्सल उघडलं. लेबल १८. आतमध्ये: घरचे जुने कपडे. कै. काही नाही. लेबल उसवलं.
ही आता घरात आहे. रोज तिच्यावरून नजर जाते. कपाटावर ठेवली तर जास्त दिसते.

९ फेब्रु., सोमवार
सरिताला अजून महिनाभर काही कळलं नाही तर? वर्षभर? बाळ मोठं होईल, ती त्याला सांगेल ही आजीची. तिच्यापुरतं ते खरंच असेल. मग खोटं कुणाकडे राहील? माझ्याकडे, आणि कपाटावर.
आज दोन लेबलं बिघडवली. 

११ फेब्रु., बुधवार
मो. भाऊंकडे गेले. गोधडी पिशवीत. बसायच्या आधीच सांगितलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.
"भाऊ, सरिताकडे गेली ती ताईंच्या साड्यांची नाही. माझ्या हातून लेबलं बदलली."
भाऊंनी विचारलं, "मंग ते कोणाची होय?"
"शबानाच्या घरची."
"आन् आमची?"
काढून दिली. त्यांनी उलगडली नाही. काठ चिमटीत धरून आतले थर दाबत गेले. "हे जाड लागून राह्यलं ते लग्नातलं असन." मग म्हणाले, "तिले सांगू नको. तिचा जीव लागला ते लागला. हे राहू दे माह्यापाशी. म्या सातही देऊन टाकले होते. एक ठेवाले पायजे होतं, मागाहून समजलं."
मी रिकाम्या पिशवीची घडी घातली.
"कोणाचं काय जाते त्यात? सांग बरं."
 दोन दिवस ठेवा म्हटलं आणि निघाले.

१२ फेब्रु., गुरुवार
खरंच कुणाचं काय जात नाही. सरिताला झोप, भाऊंना साड्या, मला माफी.
पण डिसेंबरची नऊ तारीख काढून वाचली. साड्या द्यायला आले तेव्हा भाऊच म्हणाले होते, मी शब्द न् शब्द उतरवला आहे: 'तिनं दवाखान्यात जायच्या आधी हे सात येगळे काढून ठेवले, सरीच्या लेकराखाली टाकाले.' काल त्यांना याची आठवण द्यायला हवी होती. ज्या माणसानं चिमटीत काठ धरला आहे त्याला काय आठवण देणार.
आणि त्या बाई गेल्या आहेत. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नाही, नऊ तारखेच्या नोंदीशिवाय.

१३ फेब्रु., शुक्रवार
कौ. बाईंना विचारलं काय करू.
"मले इचारतेस? म्या त तवाच सांगितलं होतं." मग दात काढून हसल्या. "दोन्ही राहू दे ना तिच्यापाशी. लेकरू मुतते. एक वाळत घातली का दुसरी लागतेच."
"पण सांगायचं कसं? तिला त्या गोधडीला आईचा वास येतो."
"मंग येते ना. नाई कोन म्हणते? तू फक्त जे केलं ते सांग. वासाचं तिचं ते पाहीन."
शबानाला विचारलं, तिची गोधडी सरिताकडेच राहिली तर चालेल का. "फुफीला नातू मिळाला," म्हणाली.
 

१४ फेब्रु., शनिवार
भाऊंकडे. गोधडी अंगणात बाजेवर, उन्हात. ते शेजारी खुर्ची टाकून बसलेले.
नऊ डिसेंबरचं वाचून दाखवलं.  त्यांनी मान वर केली नाही. "मी असं म्हटलो होतो?" "हो." "लिवून ठेवलं तू." "हो."
मग, "डॉक्टरनं तिले टेन्शन देऊ नोका म्हटलं आहे." हे मला माहीत नव्हतं. हे सगळ्यात मोठं आहे आणि मला माहीतच नव्हतं. महिनाभर थांबू का, विचारलं. बाळंतपण होऊन जाऊ दे?
"लेकरू आल्यावर मंग त्याच्याखाली कोनती टाकशीन?"
 भाऊ उठले, उन्हातल्या गोधडीची घडी केली, सावकाश, कोपऱ्याला कोपरा. पिशवीत घातली. "ने. मी नाई येत. माह्याच्यानं पाहवणार नाई."
फाटकापर्यंत आले नाहीत. मी रस्त्याला लागल्यावर आवाज दिला.
"आधी जेवू देजो तिले. मंग सांगजो."
सरिताला फोन केला, येते म्हटलं. ती खुश. काय विशेष, विचारलं. लेबलाचं थोडं काम आहे, म्हटलं. हे खोटं नाही. पूर्ण खरंही नाही, ते इथं लिहून ठेवते.
पट्टी कापून घेतली आहे. कोरी. पेन, सुई, पांढरा दोरा. काय लिहायचं ते ती सांगेल, किंवा सांगणार नाही, किंवा मला दारातूनच
उद्या रविवार, तिचा नवरा घरी असतो. तिला एकटीला सांगायचं आहे. म्हणून सोमवार, १६ फेब्रुवारी. सकाळच्या गाडीनं चांदा फोर्ट, तिथून बसनं घुग्घुस. तिच्या जेवणानंतर.