अकराव्या कॅसेटमधला आवाज

१९ जानेवारी २०२५, सकाळ
अपेक्षा, आधी तारीख टाक. टाकली? परत बघ. तुला सकाळचं दुपारी आठवत नाही. ही वही वाचणार तूच आणि वाचून विसरणारही तूच, म्हणून तर माझं मनातलं ठेवायला तुला निवडलं. दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही. मला दाखवली तरी चालेल, मला वाचता येत नाही.

मी बोलते, नात लिहिते. माझ्या ‘हाय’चं ‘आहे’ करून टाकते. करू दे, तिच्या कॉलेजचा तेवढाच उपयोग.

आजचं काम. नऊ फेब्रुवारीला हिच्या आजोबांना जाऊन वर्ष होतंय. पुण्यानुमोदनाला वंदना झाली की जेवणाआधी त्यांच्या कॅसेटींमधली गाणी लावायची, असं माझ्या लेकानं, सिद्धोधननं, पुण्याहून फोनवर ठरवलं. दर दसऱ्याला नागपूरला जायचे आणि येताना एक कॅसेट आणायचे. मी बांगड्या सांगायची, कॅसेट यायची. ट्रंकेत अकरा निघाल्या. मानवतचा मोबाईलवाला कॅसेटीतलं गाणं मोबाईलमध्ये भरून देतो; तो म्हणाला, गाणं वाजेल तितका वेळ मला बसावं लागतं, तेव्हा एका कॅसेटचं एकच, सगळ्यात चांगलं, गाणं सांगा. सिद्धोधन म्हणाला, माय, तूच निवड.

बरोबर आहे. गाण्याची पारख घरात मलाच. अकरा कॅसेटी, अकरा गाणी. दुपारपर्यंत उरकते. संध्याकाळी तुरी पाखडीन.

१९ जानेवारी, संध्याकाळ
एक कॅसेट झाली. म्हणजे अर्धी. टेपनं रीळ खाल्लं. अपेक्षानं पेन्सिल घालून गुंडाळलं. आजच्या दिवसात घाई करण्यासारखं काही नव्हतंच.
तुरी राहिल्या.

२२ जानेवारी
पाच गाणी निवडली. कशी, ते लिहून ठेव.
पहिल्या कॅसेटमधलं लवकर संपणारं घेतलं. लोक उपाशी असतात. दुसरीत आईवरचं गाणं आहे, ते नको. त्यावर बाया रडतात आणि मग स्वयंपाकाकडं कुणी बघत नाही. ढोलकीवालं घेतलं. तिसरीत पोरींनो शिका, असं गाणं आहे. अपेक्षा म्हणाली, आजी, हेच घे. मी म्हटलं, तीस वर्षं ऐकायलीय, अजून एक अक्षर आलं नाही, म्हणजे गाणंच कच्चं आहे. चौथी, पाचवीचं अपेक्षालाच निवडू दिलं. पारख असलेल्या माणसानं दुसऱ्यालाही शिकू द्यावं.

ऐकताना काही वाटलं का, असं अपेक्षानं विचारलं. चहा प्यावासा वाटला, म्हटलं. केला. साखर घालायची राहिली, तसाच प्याले. कळलं नाही.

२५ जानेवारी
दहा झाली. एकही गाणं आवडलं नाही आणि एकही नावडलं नाही, म्हणून काम पटापट होतंय. कस्तुराबाई शेजारची येऊन बसली होती. सातव्या कॅसेटला तिनं पदर डोळ्याला लावला आणि माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, वर्ष झालं सरजाबाई, तुमाला रडताना कुणी बघितलं न्हाई. मी म्हटलं, बघायला कुणी आलं तर रडीन, टाईम सांगून या. चिडून गेली.

मी मनानं घट्ट आहे. काही बायांचं तसं असतं. लाकडासारखं बरं वाटतं, दुखत नाही.

उद्या शेवटची कॅसेट. तिला पाच मिनिटं पुरतील.

२८ जानेवारी
अकरावी कॅसेट म्हणजे आमच्या गावच्या गायन पार्टीची. नागपूरची नव्हे. पंधरा जण टेम्पोत बसून परभणीला गेले होते, तिथं एका खोलीत भरून आणली. पुढे गाणारा एक, मागे कोरसला सहा. त्या सहांत अपेक्षाचे आजोबा. आठ गाणी आहेत.

आता इथं खरी गोष्ट. मोबाईलमध्ये त्यांचा आवाज नाही. मोबाईल समोर धरला की फोटो काढायलेत समजून तोंड मिटून ताठ बसायचे. तेव्हा आवाज असलाच तर या आठ गाण्यांत. सिद्धोधननं फोनवर तीनदा सांगितलं, माय, दादांचा आवाज ज्यात नीट येतो तेच घे, लोकांना ऐकवू. मी म्हटलं, बावन्न वर्षं संसार केला, हजारांत ओळखीन.

पहिलं गाणं लावलं. ओळखला. जाड, ओढल्यासारखा, सर्दी झालेला. तेच ते. दुसऱ्यातही ओळखला. तिसऱ्यात सहाही जण तेच होते. पुढे गाणाराही तेच. मधे एक बाई गाते, तीही तेच.

अपेक्षा म्हणाली, आजी, टेपचा पट्टा ढिला झालाय, सगळं हळू फिरतंय.

३० जानेवारी
मानवतहून नवा पट्टा बसवून आणला. आता टेप खणखणीत चालतो. आठही गाणी दोनदा ऐकली. त्यांच्यातलं कुणीच ते नाहीत.
पट्टा खराब दिला असेल.

१ फेब्रुवारी
काम सोपं आहे, फक्त रीत पाहिजे. रीत अशी : आधी त्यांचा आवाज मनात आणायचा, मग कॅसेट लावायची, मग जुळवायचा.
सकाळपासून मनात आणायलेय. त्यांचं बोलणं सगळं आठवतं. ‘सरजे, पाणी.’ ‘सरजे, टॉर्च कुठं ठेवली.’ ‘न्हाई म्हणलं तर न्हाई.’ शब्द सगळे येतात. येतात ते माझ्याच आवाजात.
हे लिहू नको. लिहिलंस? असू दे, तू विसरशील.

३ फेब्रुवारी, रात्र
सापडला.
चौथ्या गाण्यात, शेवटून दुसऱ्या कडव्याला बाकीचे पाच थांबतात आणि कोरसमधला एक जण ओळ एकट्यानं उचलतो. एकच ओळ. उचलताना जरा घसरतो, मग सावरतो. तेच. घसरायचं आणि कुणी बघितलं नाही असं दाखवायचं, हे दुसरं कोण करणार.
ती ओळ चौदा वेळा लावली. अपेक्षानं मोजलं.
पंधराव्या वेळेला मी उठून गोठ्यात गेले, शेळीला बघायला. बराच वेळ लागला. शेळी ठीक आहे. डोळ्यात तुरीचा भुसा गेला होता. अपेक्षा म्हणते, तुरी तर अजून पोत्यात आहेत. तिला लिहायला ठेवलंय, बोलायला नाही.
रात्रीची भाकर गोड लागली. ठेचा तिखट लागला.

५ फेब्रुवारी
मोबाईलवाल्याकडं सगळं देऊन आले. चौथ्या गाण्याच्या त्या जागेवर आवाज जरा मोठा कर, असं त्याला सांगितलं. त्यानं केला. सिद्धोधनला फोनवर ऐकवला, तर तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, माय, दादाच हायती. चाळीशी ओलांडलेला माणूस, शाळेत पोरांना शिकवतो.
कस्तुराबाईलाही बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, हुबेहूब. आता बोला म्हणावं.

९ फेब्रुवारी, दिवेलागण
कार्यक्रम झाला. शंभर पानं उठली. वंदना झाली, भाषणं झाली, मग गाणी. पहिल्या दहांना लोक आपसात बोलत होते. अकराव्याआधी सिद्धोधन उठून उभा राहिला, आता दादांचा आवाज ऐका म्हणाला. सगळे गप्प. ती ओळ आली. सिद्धोधननं डोळे पुसले. मीही पुसले, चारचौघांत, बघायला कस्तुराबाई होतीच.

पाथरीचे सिताराम माझ्या शेजारी खुर्चीवर होते. कोरसच्या सहांतले ते एकटेच राहिलेत. गाणं संपल्यावर खाली वाकले आणि माझ्याच कानात म्हणाले, “वयनी, ती ओळ तर माझी हाय.”

मी म्हटलं, “मला म्हाईत हाय. तुमी वळकता का न्हाई, ते बघायलते.”

मग विचारलं, त्यांची ओळ कुठली. सिताराम लय वेळ टोपी नीट करत बसले. मग म्हणाले, त्या दिवशी टेम्पोत मागं उभं राहून दादाचा गळा बसला. परभणीत पोचस्तोवर आवाज गेला होता. आठही गाण्यांला त्यानं नुसत्या टाळ्या वाजवल्या, आम्हा सगळ्यांबरोबर. आलाय तर नाव तरी छापू द्या, म्हणून कोरसमध्ये ठेवला.

टाळ्या बारा हातांच्या आहेत. त्यातले दोन कुठले ते मी काढू शकते. उद्या काढते.

१० फेब्रुवारी
नाही काढल्या.

सिद्धोधनला काही सांगायचं नाही. सकाळी जाताना त्यानं ते गाणं फोनची रिंग म्हणून लावून घेतलं. लावू दे. मीही मघाशी एकदा ऐकलं, कोणाचा आवाज ते माहीत असून. तरी शेळीला बघायला जावं लागलं.

आता हे नीट लिही, आणि विसरू नको. सितारामभाऊजींचं वय शहात्तर, घरात सून नोकरीवाली, गरम कोण देणार त्यांना. दर रविवारी पाथरीच्या जीपनं त्यांना डबा जायला पाहिजे. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवायच्या, वरून तूप, आणि वेगळ्या कागदात सुंठ-गूळ. दही पाठवू नको, लोणचं तर अजिबात नको, त्यानं गळा बसतो.